त्या आवाजानं चिमूरचंही सांगितलं होतं

नागपंचमी म्हणजे बायकांचा सण. झोके, मेंदी, फुगड्या. पण माझ्या आजीच्या अंगणात नागपंचमीला कधी हसणं-खिदळणं झालेलं मला आठवत नाही. आजी वारुळाची पूजा करायची, लाह्या-दूध वाहायची आणि मग दिवसभर गप्प गप्प असायची. आम्ही पोरी खोदून खोदून विचारायचो, तर एवढंच म्हणायची, "त्या साली नागपंचमीलेच झालं होतं माय सारं." काय झालं होतं, ते मात्र सांगायची नाही. फार मागे लागलो तर म्हणायची, "सांगून का करतेस? आमचं कोन आयकते?"

आजीचं सासर चिमूरजवळच्या एका खेड्यात. आज ते चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तेव्हा चांदा म्हणायचे. "त्या साली" म्हणजे १९४२ साली ती सोळा-सतरा वर्षांची, नवी नवी नांदायला आलेली होती. पुढे शाळेच्या पुस्तकात चिमूरबद्दल दोन ओळी वाचल्या, तेव्हा कुठे आजीच्या गप्प राहण्याचा थोडासा उलगडा झाला. १६ ऑगस्ट १९४२ ला, ऐन नागपंचमीच्या दिवशी चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. गावातली माणसं मेली, चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी माणसंही मेली. मग काही दिवसांनी चिमूरला पलटण आली. पुरुषांना धरून नेलं आणि घराघरांत शिरून बायकांवर अत्याचार केले. पुस्तकात हे शेवटचं वाक्य नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

आजी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. "आमचं कोन आयकते?" हा तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. त्याचं उत्तर मला सापडलं ते गावापासून शेकडो मैल दूर, मुंबईत. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

लेकीच्या घरी

२०२४ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले होते. संध्याकाळी जेवणं आटोपली की ती टीव्हीवर काहीबाही लावायची. एके दिवशी तिनं 'ऐ वतन मेरे वतन' लावला. मार्चमध्येच आलेला, उषा मेहतांवरचा सिनेमा. बावीस वर्षांची एक मुलगी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून मुंबईत चोरून रेडिओ चालवते, अशी गोष्ट. सिनेमा म्हटलं की त्यात थोडं तिखट-मीठ असणारच. म्हणून मी लेकीला म्हटलं, यातलं खरं किती ते मला वाचायचंय. मणिभवनच्या उषा ठक्कर यांचं याच रेडिओवरचं इंग्रजी पुस्तक २०२१ साली आलंय, ते तिनं मागवून दिलं. माझं इंग्रजी बेताचंच. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत बसले. शिवाय मिळेल तिथून उषाबेनची आणखी माहिती जमवत गेले.

आणि वाचता वाचता एका ठिकाणी अडखळले. या रेडिओनं ज्या बातम्या पहिल्यांदा लोकांपर्यंत नेल्या, त्यांत नावं होती, आष्टी आणि चिमूर.

माझ्या आजीचं चिमूर!

पण ते पुढे. आधी ही उषाबेन कोण, ते सांगते.

न्यायाधीशाची लेक

उषा मेहतांचा जन्म २५ मार्च १९२० चा, गुजरातमध्ये सुरतजवळच्या सरस गावचा. वडील हरिप्रसाद मेहता इंग्रज सरकारचे न्यायाधीश, आई घेलीबेन घर सांभाळणारी. म्हणजे घरात सरकारी पगार, सरकारी मान. अशा घरातल्या मुलीनं चळवळीत पडणं हे वडिलांच्या नोकरीवरच धोंडा पाडण्यासारखं होतं.

पण मुलीला लहानपणीच गांधीजी भेटले होते. पाच वर्षांची असताना अहमदाबादच्या आश्रमात तिनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पुढे तिच्या गावाजवळ त्यांचं शिबिर झालं, त्यात ती बसून सूत कातायला शिकली. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्च्यात ही आठ वर्षांची पोर घोषणा देत होती!

त्या काळची एक आठवण त्या नेहमी सांगत. मुलांच्या एका मिरवणुकीत पोलिसांनी लाठी चालवली. झेंडा धरलेली मुलगी पडली, तिच्याबरोबर झेंडाही पडला. मुलांना ते फार लागलं. मग मोठ्यांकडून केशरी, पांढरं आणि हिरवं कापड घेऊन मुलांनी त्याचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर उतरली. आता पाडा म्हणावं झेंडा! मैत्रिणींनो, पोरांची ही अक्कल पाहा. हातातली वस्तू हिसकता येते, अंगावर घातलेली कशी हिसकणार?

१९३० साली वडील निवृत्त झाले आणि १९३२ साली कुटुंब मुंबईला आलं. उषा तेव्हा बारा वर्षांची. मग मात्र तिला मोकळीक मिळाली. गुप्त पत्रकं वाटणं, तुरुंगातल्या माणसांचे निरोप घरच्यांपर्यंत पोचवणं अशी कामं ती करू लागली. अभ्यासातही मागे नव्हती. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन ती पहिल्या वर्गात बी. ए. झाली. नंतर कायदा शिकू लागली. खादीच वापरायची आणि लग्न करायचं नाही, हेही तिनं लहान वयातच ठरवून टाकलं होतं.

सगळे आत, मग बोलणार कोण?

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँकच्या मैदानावर गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळे मोठे नेते पकडले गेले. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. सरकारी रेडिओ सरकारचंच गाणं गाणार. देशात कुठे काय चाललंय, हे एका गावाचं दुसऱ्या गावाला कळायची सोय उरली नाही.

बावीस वर्षांच्या उषानं कायद्याचा अभ्यास सोडून दिला. बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी असे तिच्याच वयाच्या आगेमागे असलेले सोबती जमले आणि त्यांनी ठरवलं, आपला रेडिओ काढायचा.

आज हातात मोबाइल धरून कुणीही जगाशी बोलतं, म्हणून यातला धोका पटकन लक्षात येत नाही. महायुद्ध चालू होतं. हौशी लोकांचे प्रक्षेपणाचे परवाने सरकारनं १९३९ सालीच काढून घेतले होते. अशा वेळी प्रक्षेपणाचं यंत्र घरात सापडणं म्हणजे थेट तुरुंग. यंत्र बांधून देणारा माणूस शोधला. सुटे भाग आणि मदत मिळाली ती शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून. जुन्या सभांच्या फोटोंत पुढाऱ्यांसमोर 'शिकागो' लिहिलेला माइक दिसतो ना, तीच ही कंपनी.

२७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीजवळच्या सी व्ह्यू इमारतीतून हा आवाज पहिल्यांदा हवेत गेला. उषाच इंग्रजीत बोलली, "हा काँग्रेस रेडिओ आहे. ४२.३४ मीटर्सवरून, हिंदुस्थानातून कुठून तरी बोलतोय."

कुठून तरी! पत्ता सांगायची सोय नव्हती. खरा पत्ताही सारखा बदलत होता. रेडिओच्या लहरी कुठून येतात हे हुंगत पोलिसांच्या गाड्या फिरायच्या, म्हणून ही मंडळी थोड्या थोड्या दिवसांनी बिऱ्हाड हलवायची. आज चौपाटी, उद्या लॅबर्नम रोड, मग वाळकेश्वर, मग गिरगाव. पुढे पुढे तर बोलणं रेकॉर्ड करायचं एका घरात आणि ते वाजवायचं दुसऱ्याच घरातून, अशी व्यवस्था केली होती. आपण सणासुदीला एका घरातून दुसऱ्या घरात मिक्सर नेतो तरी किती उलाढाल होते! इथे तर अख्खं यंत्र, त्याची एरियल, रेकॉर्डं, आणि कुणाच्या डोळ्यावर न येता. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते मागे उभे होते, लोहियांची भाषणंही यावरून जात. सुरुवातीला 'हिंदोस्ताँ हमारा' आणि शेवटी 'वंदे मातरम्', असा रोजचा शिरस्ता होता.

कुणी छापलं नाही, ते यांनी सांगितलं

आता येते माझ्या आजीची गोष्ट.

बातम्या कशा येत? माणसांच्या पायांनी. देशभरातून निरोप्ये मुंबईत यायचे आणि काँग्रेसच्या भूमिगत कचेरीतूनही खबरा मिळायच्या. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, या बातम्या वर्तमानपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या रेडिओनं सांगितल्या. आणि आष्टी-चिमूरला काय झालं, तिथल्या बायकांवर काय गुदरलं, तेही सांगितलं.

सरकारला हीच बातमी किती नकोशी होती, बघा. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषणाला बसले. त्रेसष्ट दिवस ते उपाशी होते. तर त्या उपोषणाची बातमीही छापायला सरकारनं बंदी घातली! चिमूर-आष्टीत फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवायला नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी रान उठवलं, चिमूरला जाऊन बायकांचं ऐकून घेणाऱ्यांतही त्या होत्या. पण हे सगळं कळायला त्या काळी एकेका माणसाला जिवाचं रान करावं लागलं.

मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. डोळ्यांसमोर आजी आली. तिच्या घरी रेडिओ कुठला असणार? रेडिओ नावाची वस्तू तिनं त्या वयात पाहिलीही नसेल. तिला कधीच कळलं नाही की ज्या गोष्टीवर गावानं, पुढे तिच्या घरानं आणि तिनं स्वतःही तोंडाला कुलूप लावलं, ती गोष्ट मुंबईत तिच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असलेली एक मुलगी आणि तिचे सोबती जीव धोक्यात घालून जगाला सांगत होते. आजी म्हणायची, आमचं कोण ऐकतं? ऐकलं होतं गं, कुणीतरी ऐकलं होतं. आणि नुसतं ऐकलं नव्हतं, पुढे सांगितलंही होतं.

गंमत बघा, हे बोलणं आज वाचायला मिळतं ते पोलिसांमुळे. पोलीस तो रेडिओ ऐकून शब्दन् शब्द लिहून घेत होते, कोर्टात पुरावा म्हणून! ते कागद सरकारी दप्तरात राहिले. ज्यांना हा आवाज बंद पाडायचा होता, त्यांनीच तो जपून ठेवला.

वंदे मातरम् थांबलं नाही

अडीच महिने हे चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला घात झाला. यंत्राची माहिती असलेला त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ फुटला. पोलीस आधी बाबूभाईंच्या कचेरीत शिरले. उषाला कुणकुण लागली होती. पळून जायला वेळही होता. पण त्या दिवशीचा कार्यक्रम व्हायचा होता! चंद्रकांत झवेरींना घेऊन ती गिरगावात पारेखवाडीला गेली आणि कार्यक्रम सुरू केला. शेवटी 'वंदे मातरम्' ची रेकॉर्ड लावली, तेवढ्यात दारावर धडका बसू लागल्या. एकामागून एक दारं फोडून पोलीस आत आले. रेकॉर्ड बंद करा म्हणाले. त्यांनी केली नाही.

मग सहा महिने चौकशी. एकटीला डांबून ठेवलं. धाक दाखवला, आमिषंही दाखवली. सोबत्यांची नावं सांग, तुला शिकायला परदेशी पाठवतो, इथपर्यंत. ती बोलली नाही. कोर्टात तर तिनं न्यायाधीशांनाच विचारलं, या प्रश्नांची उत्तरं देण्याची माझ्यावर सक्ती आहे का? नाही म्हणाले. मग तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

मला यातलं हेच सगळ्यात जास्त भावलं. जी मुलगी रोज संध्याकाळी सगळ्या देशाशी बोलत होती, ती पोलिसांपुढे अवाक्षर बोलली नाही. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे तिचं तिनं ठरवलं होतं. माझ्या आजीचं गप्प बसणं तसं नव्हतं. ते तिच्यावर लादलेलं होतं. दोन्ही गप्पच, पण केवढा फरक!

चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात तब्येत ढासळली, मुंबईच्या जे. जे. इस्पितळात आणलं, तिथेही खाटेशी पोलिसांचा पहारा. पुन्हा येरवडा. मार्च १९४६ मध्ये सुटका झाली, तेव्हा शरीर पार खंगलेलं. १५ ऑगस्ट १९४७ च्या सोहळ्यालाही तब्येतीमुळे त्यांना जाता आलं नाही. ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप, त्या दिवशी घरीच!

आणि मग नागरिकशास्त्राच्या बाई

सिनेमे इथे संपतात. पण उषाबेन तेव्हा फक्त सत्तावीस वर्षांच्या होत्या. उरलेली त्रेपन्न वर्षं त्यांनी काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यांनी निवडणूक लढवली नाही, पद मागितलं नाही. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलं. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएच. डी. केली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच वर्षानुवर्षं शिकवलं. विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या आणि १९८० साली निवृत्त झाल्या. गुजराती आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. गांधी स्मारक निधीच्या अध्यक्ष म्हणून गावदेवीतलं मणिभवन सांभाळलं. मुंबईत आले की गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात जिथे उतरत, तीच ही वास्तू. खादीची साडी, बसनं प्रवास, गरजा अगदी मोजक्या.

देशाचं पुढे जे झालं त्यानं त्या दुखावल्याही होत्या. स्वातंत्र्य मिळालं, पण आम्ही लढलो ते हे नव्हे, असं त्या मोकळेपणानं म्हणत. पण कटू होऊन घरात बसल्या नाहीत. वर्गात पोरांना 'नागरिक म्हणजे काय' ते शिकवत राहिल्या. शाळेत नागरिकशास्त्र म्हटलं की आपण वीस मार्कांचा कंटाळवाणा विषय म्हणून नाक मुरडतो. या बाईंनी त्याच विषयासाठी आधी तुरुंग भोगला आणि मग तोच विषय आयुष्यभर शिकवला!

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांतीच्या कार्यक्रमाला गेल्या, घरी परतल्या आणि ११ ऑगस्टला झोपेतच शांतपणे गेल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या.

आत्याला सांगितलं तेव्हा

परतायच्या आधी लेकीला घेऊन मी ते सगळे रस्ते पायी फिरले. चौपाटी, विल्सन कॉलेज, तिथून गावदेवी, लॅबर्नम रोडवरचं मणिभवन, पुढे ऑगस्ट क्रांती मैदान. तासा-दोन तासांत सगळं होतं. मणिभवनात वरच्या मजल्यावर गांधीजींची खोली आहे, चरखे ठेवलेत. आमच्याशिवाय तिथे चार-दोन माणसं होती. बाहेर रस्त्यावर कुणी भाजी घेत होतं, कुणी गाडी लावत होतं. अशाच एखाद्या घरात, दारं-खिडक्या लावून ती मुलगी चिमूरचं सांगत बसली असेल, असं सारखं मनात येत होतं.

गावी आल्यावर आत्याकडे गेले. आजीच्या मुलांत आता ती एकटीच आहे, वय अठ्ठ्याहत्तर. तिला सगळं सांगितलं. रेडिओ, मुंबई, ती मुलगी, चिमूरची बातमी. आत्या शेंगा सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंजे मायचं कोनी तरी सांगतलं होतं."

आणि त्या दिवशी, पहिल्यांदा, आत्यानं मला आजीकडून ऐकलेलं सांगितलं. अंधारात गाव सोडून जंगलात गेलेल्या बायका, कडेवरचं मूल रडू नये म्हणून तोंडावर धरलेला पदर, परत आल्यावर घराघरांतली ती शांतता. कुणाच्या घरात काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कुणाला विचारायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं. मी मोबाइल काढला आणि विचारलं, "आत्या, हे रेकॉर्ड करू?" ती म्हणाली, "कर. आता कोनाची भीती हाय?"

वीस मिनिटांचं आहे ते. मध्ये कुकरची शिट्टीही आलीय. पण माझ्या घरातला तोच सगळ्यात मोलाचा ऐवज आहे.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कुणाला चोरून रेडिओ चालवायची वेळ येऊ नये. पण आपल्या घरात, शेजारी, एखादी आजी, मावशी, आत्यासासू असेलच, जिनं पाऊणशे वर्षांचं ओझं पोटात ठेवलंय. नागपंचमीला माहेरी जाल ना? मग या वेळी झोक्यावरून जरा उतरा, तिच्याजवळ बसा आणि विचारा. पहिल्यांदा ती म्हणेल, "आमचं कोण ऐकतं?"

तेव्हा उठून जाऊ नका.